वाट की चकवा?

हायपरटेक्स्ट कथेविषयी वाचकांची मते दोन टोकांची आहेत. एका पक्षास ती साहित्याची मुक्ती वाटते, दुसऱ्यास निव्वळ थट्टा. पहिल्या पक्षाचे धुरीण नाराज वाचकास जुनाट ठरवून मोकळे होतात. आमचा आक्षेप या उतावळ्या निवाड्यास आहे.

या कथेत मजकुराचे तुकडे संगणकाच्या पडद्यावर येतात. शब्दावर टिचकी मारली की दुसरा तुकडा उघडतो आणि क्रम वाचकागणिक बदलतो. मायकल जॉइस यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'आफ्टरनून, अ स्टोरी' या कृतीत असे ५३९ तुकडे आहेत. कोणत्या शब्दामागे दुवा आहे हे ती दाखवीत नाही; काही तुकडे तर आधी इतर ठरावीक तुकडे वाचल्याखेरीज उघडतच नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथविषयक पुरवणीत १९९२ साली रॉबर्ट कूव्हर यांनी या प्रकाराचे स्वागत केले. त्याच पुरवणीत १९९८ साली लॉरा मिलर यांनी त्याची खिल्ली उडविली.

समर्थक आपल्याकडचा दाखला देतात तो मर्ढेकरांचा. शिरवळच्या वाचकास साताऱ्याच्या अलीकडचे मर्ढे गाव परके नाही. त्या गावाचे नाव लावणाऱ्या या कवीवर दुर्बोधतेचा आरोप झाला. 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आज त्यांच्यावाचून मराठी नवकवितेचा विचारच होत नाही. परंतु नाकारला गेलेला प्रत्येक प्रयोग मर्ढेकरांचा ठरत नाही. शिवाय मर्ढेकरांचे निंदक आणि चाहते एकाच छापील ओळींवर भांडले, म्हणूनच त्या भांडणातून मराठी समीक्षा समृद्ध झाली. दोघांनी वाचलेली कथाच निराळी असेल, तर त्यांनी वाद घालावा कशावर?

आम्ही दुव्यांचे वैरी नाही. चौथ्या शतकात युसेबियस यांनी चारही शुभवर्तमानांतील उताऱ्यांना क्रमांक देऊन त्यांचा मेळ घालणारी दहा कोष्टके रचली. मत्तयाकडून लूककडे जाणाऱ्या वाचकास आपण कोठून निघालो, कोठे पोचलो आणि का, हे ठाऊक असते. उडी मारूनही त्याची वाट मोडत नाही.

जेथे निवड आंधळी आहे, तेथे वाचकाच्या हाती स्वातंत्र्य येत नाही. चकवा लागल्याप्रमाणे तो त्याच त्या रानात फिरत राहतो. मराठीत असा प्रयोग करणाऱ्यांनी तो अवश्य करावा. मात्र हा दुवा येथेच का, याचे उत्तर कृतीतूनच मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यामुळे वाचकाने कृती मिटून ठेवली, तर तो त्याच्या वाचनाचाच निष्कर्ष होय. त्यास अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार कोणाही समीक्षकास नाही.