चाखावे, मग बोलावे

दिवाळीच्या सुटीत बपेऱ्याला गेलो, तेव्हा थोरल्या भावाने नागपूरहून ‘एस्प्रेसो’चे नवे मिश्रण आणले होते. अरेबिका सुगंधासाठी, रोबस्टा दाटपणासाठी! आईने ती पूड चहासारखी खळखळ उकळली, वर जायफळ घातले. घोट कडूजहर. ‘श्रीमंतांचे चोचले,’ असा घराने निकाल दिला.

मला तो पटला नाही. खरी एस्प्रेसो ९ बार दाबाने, अर्ध्या मिनिटात यंत्रातून उतरते. ते यंत्र आमच्याकडे कुठले? दुसऱ्या दिवशी उकळी बसल्यावर पूड पाण्यात टाकली, ४ मिनिटे झाकली, फडक्याने गाळली आणि बिनदुधाचीच दिली. ती एस्प्रेसो नव्हेच. पण कडूपणामागून भाजल्या दाण्याचा गोडसर वास आला. आई म्हणाली, “जुन्या तांदळावानी हाये. आच अन् पाणी जमलं पाहिजे.”

धानाच्या मुलखातली माझी आई तांदूळ नवा की जुना, हे वासावरून सांगते. ही पारख तिने कोणत्या शाळेत घेतली? चव पैशाने येत नाही, लक्ष देण्याने येते. आणि आपल्या विदर्भातच, चिखलदऱ्याला पिकणारी कॉफी परकी कशी? आवडली नाही तर खुशाल नाकारावी, पण चाखून!