शिक्षकाची श्रद्धा आणि वर्गातलं देशप्रेम



आज थोडा वेगळा विषय घेते आहे. विषय अमेरिकेतला आहे, पण माझ्या डोक्यात तो शिरला आपल्याच परिपाठातून. म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. त्यातला एक मुलगा राष्ट्रगीताला ताठ उभा राहायचा, प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायचा, पण प्रार्थना सुरू झाली की हात जोडायचा नाही. नुसता शांत उभा. एक दिवस मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "हात दुखतात का रे तुझे?" मुलं हसली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. भांडायला नाही. म्हणाले, "बाई, आम्ही ख्रिस्ती आहोत. घरी त्याला सांगितलंय, दुसऱ्यांची प्रार्थना चालू असताना गप्प उभं राहायचं, कुणाचा अपमान करायचा नाही. त्याचं काही चुकलं असेल तर सांगा."

माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी लहानपणापासून हात जोडत आले, म्हणून हात जोडणं म्हणजेच शिस्त असं मला वाटत होतं. ती माझ्या घरची सवय होती आणि मी तिला शाळेचा नियम समजून बसले होते.

अमेरिकेतल्या पुराणमतवादी ख्रिस्ती शिक्षकांबद्दल वाचताना हा प्रसंग मला पुन्हा आठवला. तिथे तेच चाललंय, फक्त बाजू उलटी आहे. तिथे बहुसंख्य शिक्षक ख्रिस्ती आणि गप्प उभं राहणारं मूल दुसऱ्या कुणाचं.

देशप्रेम आधी घरात शिकलं जातं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एखाद्या छोट्या गावातलं मूल डोळ्यांसमोर आणा. रविवारी आईवडिलांबरोबर चर्च. अनेक चर्चमध्ये व्यासपीठाशेजारी राष्ट्रध्वज उभा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चमध्ये मुलांचं शिबिर भरतं. अशा बऱ्याच शिबिरांत मुलं रोज तीन प्रतिज्ञा म्हणतात, एक राष्ट्रध्वजाला, एक ख्रिस्ती ध्वजाला आणि एक पवित्र शास्त्राला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास उपासनेत माजी सैनिकांना उभं करून टाळ्या वाजवतात. त्यात कुणाचे आजोबा असतात, कुणाचा मामा.

हे मूल मोठं होऊन शिक्षिका होतं आणि सोमवारी सकाळी छातीवर हात ठेवून वर्गाबरोबर ध्वजाची प्रतिज्ञा म्हणतं. "देव आणि देश तू एकत्र का करतेस?" असं तिला विचारलं तर तिला प्रश्नच कळणार नाही. तिने ते एकत्र केलेलेच नाहीत. तिने ते कधी वेगळे पाहिलेले नाहीत.

गंमत म्हणजे ही अमेरिकन प्रतिज्ञा १८९२ मध्ये लिहिणारे फ्रान्सिस बेलामी स्वतः बाप्टिस्ट पाळक होते, तरी त्यांच्या मूळ मजकुरात देवाचं नाव नव्हतं. ते आलं १९५४ मध्ये, आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना. तो सोव्हिएत रशियाबरोबरच्या शीतयुद्धाचा काळ होता. 'ते नास्तिक, आपण देवाला मानणारे' हा फरक दाखवणं तेव्हा देशप्रेमाचा भाग झालं होतं. त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांना मात्र ते शब्द पहिल्यापासून तिथेच होते असं वाटतं. आपल्या सवयी अशाच असतात. आपल्या जन्माआधी जे घडलं ते आपल्याला सनातन वाटतं.

राजकारण कुठून आलं?

१९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन मोठे निकाल दिले. सरकारी शाळेत शासनाने ठरवलेली प्रार्थना म्हणवून घेता येणार नाही आणि उपासना म्हणून रोज पवित्र शास्त्राचं वाचनही करता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे मुलांचं संरक्षण होतं. पण वर वर्णन केलेल्या शिक्षिकेच्या घरी ते कसं ऐकू आलं असेल? "आमच्या देवाला शाळेबाहेर काढलं."

हे दुःख खोटं नव्हतं, आणि पुढच्या राजकारणाला याच दुःखाने इंधन पुरवलं. जेरी फॉलवेल या बाप्टिस्ट पाळकाचं उदाहरण बघा. १९६५ मध्ये, नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना, पाळकाने राजकारणात पडू नये असं ते व्यासपीठावरून सांगत होते. १९७९ मध्ये त्यांनीच 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभारली. चौदा वर्षांत शास्त्र बदललं नव्हतं, देश हातून निसटतोय ही भावना मात्र वाढली होती. शाळेतली प्रार्थना हा त्यातला एक मुद्दा, गर्भपात, कुटुंब आणि इतर अनेक मुद्दे त्याला जोडले गेले. अलीकडच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातले साधारण आठ जण रिपब्लिकन उमेदवाराला मत देतात. त्यांच्यातल्या शिक्षकांवरही हेच वारं असणार.

शास्त्र एकच, देशप्रेम वेगवेगळं

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा अशी असली की राजकारण असं असणारच. तसं नाही, आणि माझ्या मते हाच या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

कृष्णवर्णीयांची चर्च घ्या. तिथेही पवित्र शास्त्राला तितकंच मानतात, प्रार्थना तितक्याच मनापासून करतात. पण त्यांचं मत बहुतेक करून डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातं. कारण त्या घरात देशाची वेगळी गोष्ट सांगितली गेली, गुलामगिरीची, वेगळ्या शाळांची आणि तरीही सोडून न दिलेल्या आशेची. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे जेम्स वेल्डन जॉन्सन हे एका कृष्णवर्णीय शाळेचे मुख्याध्यापक होते. १९०० साली, लिंकनच्या जयंतीला त्यांनी लिहिलेलं आणि त्यांच्या भावाने चाल दिलेलं गीत ५०० शाळकरी मुलांनी गायलं. पुढे ते कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यात देवही आहे आणि देशही, पण तो देश अजून घडवायचा आहे.

मेनोनाइट पंथ घ्या. शस्त्र न उचलणं हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा. इंडियाना राज्यातल्या त्यांच्या गोशेन कॉलेजात वर्षानुवर्षं खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत वाजत नव्हतं. २०१० मध्ये ते सुरू केलं, वाद झाला, आणि २०११ मध्ये पुन्हा थांबवलं. ही माणसं आपल्या देशाचा द्वेष करतात का? नाही. आपली पहिली निष्ठा देवाशी आहे, हे ती शब्दशः घेतात एवढंच.

आणि बाप्टिस्टांचा स्वतःचा इतिहास? अठराव्या शतकात व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट पाळकांना तुरुंगात टाकलं जात होतं. धर्म आणि शासन यांच्यामध्ये भिंत हवी, हे जेफरसन यांनी १८०२ मध्ये लिहिलं ते कनेटिकटच्या बाप्टिस्टांना दिलेल्या उत्तरात. म्हणजे आज शाळेच्या भिंतीवर दहा आज्ञा लावाव्यात असं म्हणणाऱ्या अनेकांचे पूर्वज एकेकाळी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. तेव्हा ते थोडे होते, आज ते पुष्कळ आहेत. संख्या वाढली की आठवण पुसट होते, हे आपल्यालाही लागू आहे.

म्हणून मला वाटतं, शिक्षकाचं देशप्रेम फक्त धर्मग्रंथातून येत नाही. तो ग्रंथ कुणाच्या मांडीवर बसून ऐकला यावरून ते ठरतं.

आणि समोरचं मूल?

शिक्षकाने श्रद्धा घरी ठेवून यावं, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. श्रद्धा म्हणजे काही छत्री नाही, दारात ठेवून आत यायला. असे कितीतरी शिक्षक याच श्रद्धेपोटी सुट्टीनंतर थांबून कच्च्या मुलांना शिकवतात, घरी जेवण नसलेल्यांची सोय बघतात. ती श्रद्धा काढून टाका म्हणणं म्हणजे माणूसच काढून टाका म्हणण्यासारखं आहे.

प्रश्न वेगळा आहे. शिक्षकाच्या श्रद्धेत सामील न होण्याची मोकळीक मुलाला खरोखर आहे का?

वॉशिंग्टन राज्यात जोसेफ केनेडी नावाचे फुटबॉल प्रशिक्षक सामना संपला की मैदानाच्या मध्यावर गुडघा टेकून प्रार्थना करायचे. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. वैयक्तिक प्रार्थना हा त्यांचा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. ते मला समजतं. पण याच प्रकरणात एका पालकाची तक्रारही नोंदली गेली होती. त्यांचा मुलगा देव मानत नव्हता, तरी प्रार्थनेत सामील व्हायचा. का, तर नाही गेलो तर खेळायला कमी मिळेल ही भीती. प्रशिक्षकाने त्याला बोलावलंही नसेल. बोलावण्याची गरजच नसते. ज्याच्या हातात संघाची यादी असते, किंवा प्रगतिपुस्तक असतं, त्याची सवय मुलाला हुकमासारखीच वाटते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू त्याआधीच्या काळात दिसते. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेतून लिलियन आणि विल्यम गोबायटिस या बहीणभावाला काढलं गेलं. वय १२ आणि १०. ती 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची. ध्वजाला सलाम म्हणजे मूर्तीपूजा, असं त्यांना घरी शिकवलेलं. १९४० मध्ये न्यायालय शाळेच्या बाजूने गेलं आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीन वर्षांतच, १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियातल्या तशाच खटल्यात न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. मुलाच्या तोंडून निष्ठा बळजबरीने वदवून घेता येणार नाही, असं ठरलं.

आपल्याकडेही हे घडलंय. १९८५ मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गात नव्हती. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं, आणि तसं करताना अमेरिकेतल्या त्या निकालाचाही विचार केला. हे वाचलं तेव्हा मला माझा सातवीतला मुलगा दिसला. तोही आदरानेच उभा होता, आणि मी त्याला हसण्याचा विषय केलं.

मग आपण काय करायचं?

मला जमतील अशा तीन गोष्टी मी ठरवल्या आहेत.

एक, इतिहास किंवा नागरिकशास्त्र शिकवताना "आपण सगळे असं मानतो" हे वाक्य तोंडावर आलं की थांबायचं. 'आपण सगळे' म्हणजे माझं घर तर नाही ना, हे तपासायचं.

दोन, माझं मत मुलांनी विचारलं तर लपवायचं नाही. पण ते मला कुठून मिळालं हेही सांगायचं. "माझ्या घरी असं शिकवलं, तुझ्या घरी काय सांगतात?" एवढं म्हटलं तरी वर्ग बोलायला लागतो.

तीन, गप्प उभं असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर कधीच बोलायचं नाही. आधी एकट्याला विचारायचं, आणि उत्तर नाही दिलं तरी चालेल असं सांगायचं.

पालकांनाही एक विनंती. आपल्या मुलाला घरची श्रद्धा जरूर द्या. त्या ख्रिस्ती वडिलांनी दिली तशी, दुसऱ्याच्या प्रार्थनेत शांत उभं राहायलाही शिकवून द्या. अमेरिकेतल्या त्या शिक्षिकेला आणि मला, दोघींनाही हाच अर्धा धडा उशिरा मिळाला.

त्या मुलाची माफी मी मागितली, पण ती स्टाफरूममध्ये, एकट्याची. बोलले होते मात्र सगळ्या वर्गासमोर. हे आजही बोचतं. माफीही वर्गासमोरच मागायला हवी होती.

तुमच्या शाळेच्या परिपाठात असं एखादं मूल आहे का? तुम्ही काय करता, जरूर कळवा.