आमच्या गाडीची प्रकृती

आमच्या घरात प्रकृतीची तपासणी दोघांचीच होते. एक माझी आणि दुसरी आमच्या २००३ सालच्या मारुती ८०० ची. माझं रक्त काढतात, तिचा धूर काढतात. पैसे दोन्हीकडे माझेच.

दर ६ महिन्यांनी मी तिला पीयूसीच्या टपरीवर नेतो. तिथला पोरगा धुराड्यात एक नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि दोन मिनिटांत कागद हातात ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड एवढा, हायड्रोकार्बन एवढे, पास! इतक्या झटपट आमच्या खानदानात आजवर कुणी पास झालेलं नाही.

मध्यंतरी असाच ताजा कागद खिशात घालून मी घरी येत होतो. सोसायटीच्या उतारावर ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं, गाडी मात्र आपल्याच तंद्रीत चाललेली. पुढे तळमजल्यावरच्या काकूंची नात सायकल शिकत होती. कसाबसा हँडब्रेक ओढला आणि गाडी मेंदीच्या कुंपणात घातली. पोरीला वाटलं, काका गंमत करताहेत. ती खदखदून हसली. माझे पाय अर्धा तास लटपटत होते.

मिस्त्रीने बॉनेट उघडून निदान केलं, "साहेब, मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. बरेच दिवस गळत असणार."

"अरे, पण आज सकाळीच पास झाली ना ती!"

"ते धुराचं, साहेब. ब्रेक कोण बघतं?"

कोण बघतं? मी शोध घेतला. उत्तर असं, की खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर तिचे ब्रेक, स्टिअरिंग, टायर सरकारतर्फे कुणी बघायचं कारण नाही. पहिली तपासणी १५ वर्षं भरल्यावर, मग दर ५ वर्षांनी. टॅक्सी-ट्रकला मात्र ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. म्हणजे ब्रेक फक्त भाड्याच्या गाडीचेच जातात. मालकाने स्वतः चालवली की ते लाजेखातर शाबूत राहतात!

२०२३ साली मी नूतनीकरणाला गेलो होतो. फी ५,००० रुपये. २०२२ च्या एप्रिलपूर्वी हीच ६०० होती. एका साहेबांनी गाडीला अर्धी प्रदक्षिणा घातली, चासी नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतला आणि गाडी २०२८ पर्यंत ठणठणीत असल्याचं ठरलं. इतक्या खात्रीने पुढल्या ५ वर्षांचं सटवाईसुद्धा लिहीत नसेल. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीला ही फी १०,००० झाली आहे. पैसे वाढले, तपासणीची पाळी मात्र पाचच वर्षांनी.

ब्रिटनमध्ये ही तपासणी १९६० साली सुरू झाली, ती १० वर्षांच्या गाड्यांसाठी. आज तिथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे आणि धूर, सगळं एकाच छपराखाली बघतात. इंग्रजांच्या नको त्या सवयी आपण जपून ठेवल्या. ही तेवढी विसरलो.

"दरवर्षी तपासणी म्हणजे दरवर्षी रांग आणि दरवर्षी चहापाणी!" असं आमचे एक मित्र म्हणतात. खोटं नाही. म्हणूनच ब्रेक यंत्राच्या रोलरवर तपासावेत. रोलर चहा पीत नाही. दुसरे म्हणतात, "जुन्या गाड्या सरळ भंगारात घाला." का म्हणून? निगा राखलेली म्हातारी गाडी उतारावर थांबते आणि न राखलेली तरणीताठी थांबत नाही. वयाबद्दल दंड कसले घेता? प्रकृती बघा, दरवर्षी बघा, आणि नुसता श्वास नको, पायही बघा. धूर माणसाला सवडीने मारतो. ब्रेकला तेवढी सवड नसते.

माझ्या गाडीला आता नवा सिलिंडर बसलाय. तरी ती पोरगी मला पाहिलं की अजून ओरडते, "काका, परत तशी गंमत करा ना!"