आल्टगेल्ड दयाळू नव्हते

मे दिनाच्या व्याख्यानांतून शिकागोच्या हुतात्म्यांची कथा बहुधा ११ नोव्हेंबर १८८७ रोजी, फाशीच्या तख्तापाशी संपते. पार्सन्स, स्पाइस, फिशर व एंगेल यांना त्या दिवशी फासावर चढविण्यात आले. लिंग याने आदल्याच दिवशी कोठडीत जीवन संपविले होते. उरलेल्या तिघांचे, म्हणजे फील्डन, श्वाब व नीब यांचे पुढे काय झाले, हे सांगितलेच तर इतकेच सांगितले जाते की, पुढे एका दयाळू गव्हर्नराने त्यांना मुक्त केले. हे विधान केवळ अपुरे नाही, ते दिशाभूल करणारे आहे.

जॉन पीटर आल्टगेल्ड यांचा जन्म १८४७ सालचा, जर्मनीतील नासाऊ प्रांतातला. तान्हेपणीच ते अमेरिकेत आले, ओहायोत शेतावर वाढले, सोळाव्या वर्षी उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. पुढे शिक्षक, वकील, शिकागोत जमिनी व इमारतींच्या व्यवहारांतून धनिक, न्यायाधीश, आणि १८९३ पासून इलिनॉय राज्याचे गव्हर्नर. अशा मनुष्याला कामगारांच्या इतिहासात स्थान कशाला, असे आपल्यातील काही कडवे मित्र विचारतात. उत्तर त्यांच्या कृतीत शोधावे.

त्या तिघांसाठी दयेचा अर्ज शिकागोतील अनेक प्रतिष्ठितांनीही केला होता. पुरेशी शिक्षा झाली, आता उदारपणे सोडावे, एवढे दोन ओळींत लिहिले असते तरी भागले असते. गव्हर्नरांची स्तुतीच झाली असती. आल्टगेल्ड यांनी ही सोयीची वाट नाकारली. गुन्हा सिद्ध झाला असेल तर दयेला कारण नाही, आणि झाला नसेल तर ही दया नव्हे, असा त्यांचा रोख होता. २६ जून १८९३ च्या विस्तृत निवेदनात त्यांनी खटल्याची चिरफाड केली. ज्यूरी निवडली होती ती दोषी ठरविण्याच्याच हेतूने. आपले मत कलुषित असल्याचे कबूल करणारेही ज्यूरीत बसविले गेले. ४ मे १८८६ रोजी हेमार्केटमध्ये बाँब कोणी टाकला हे कधीच ठरले नाही, मग त्याने आरोपींच्या चिथावणीवरून तो टाकला हे कसे ठरले? न्यायाधीश गॅरी यांच्या पक्षपातावरही त्यांनी बोट ठेवले. फासावर गेलेल्यांची निर्दोषताही त्यातून आपोआप उभी राहिली. मालकवर्गाला झोंबली ती सुटका नव्हे. झोंबली ती कारणमीमांसा. वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली, त्यांना अराजकवादी ठरविले गेले.

त्याच वर्षी इलिनॉयमध्ये कारखान्यांचा कायदा झाला. स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरला, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी झाली. मुख्य निरीक्षक म्हणून आल्टगेल्ड यांनी फ्लॉरेन्स केली यांना नेमले; एंगल्स यांचा इंग्लंडमधील कामगारवर्गावरील ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्या त्या याच. १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम 'कराराच्या स्वातंत्र्या'च्या नावाखाली रद्द केले. उपाशी स्त्री आणि कारखानदार यांच्यातील कराराला स्वातंत्र्य म्हणणारे हे अर्थशास्त्र अद्याप मेलेले नाही. आज ते 'लवचिकता' या नावाने वावरते.

१८९४ चा पुलमन संप तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवावा असा आहे. कंपनीने मजुरीत सरासरी सुमारे २५ टक्के कपात केली. कंपनीच्याच वसाहतीतील घरभाडे मात्र कमी केले नाही, आणि भागधारकांचा लाभांशही चालू राहिला. आल्टगेल्ड यांचा विरोध डावलून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत संघराज्याचे सैन्य उतरविले. दोघेही एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाचे! मक्तेदारीला आवर घालण्यासाठी १८९० साली केलेला कायदा संघराज्य न्यायालयाने संपकऱ्यांवरच चालविला आणि त्यांचे नेते डेब्ज तुरुंगात गेले. ऑगस्टमध्ये आल्टगेल्ड स्वतः वसाहतीत गेले, उपासमार पाहिली, आणि कंपनीने दाद दिली नाही तेव्हा जनतेला मदतीचे आवाहन केले.

त्यांची मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. राज्याची सशस्त्र पथके त्यांनीही पाठविली, आणि ७ जुलै रोजी त्या पथकांच्या गोळीबारात शिकागोत माणसे मेली. शासनयंत्रणा हाती घेणाऱ्याला तिचे हिंसक अंगही हाताळावे लागते, हा धडा आपण नजरेआड करू नये. परंतु म्हणून माफीपत्राचे मोल उणे होत नाही.

१८९६ साली ते पराभूत झाले. संपत्ती गेली, शिकागोच्या महापौरपदाच्या १८९९ च्या निवडणुकीतही अपयश आले. मार्च १९०२ मध्ये बोअर लोकांची बाजू मांडणारे भाषण करून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले.

सत्ता मिळाल्यावर कामगारांवरील खटले 'सहानुभूतीपूर्वक' मागे घेणारे पुष्कळ असतात. सहानुभूतीत खटला खोटा होता हे सांगावे लागत नाही. पोलीस, न्यायाधीश, मालक यांपैकी कोणाचाही रोष पत्करावा लागत नाही. म्हणूनच पुढच्या संपात तेच खटले पुन्हा उभे राहतात. सत्तेत गेलेल्या आपल्या माणसांकडे कार्यकर्त्यांनी सुटकेचा हुकूम जरूर मागावा. पण त्याखाली कारणे कोणती लिहिली, हे वाचल्याशिवाय हार घालू नये.