उताऱ्यावर उतारा

आमच्या मध्यम वर्गांतील घरोघरीं हल्लीं एक नवा नित्यनेम चालू झाला आहे. दिवेलागणीची शुभंकरोति बहुधा सुटली, परवचा तर केव्हांच गेला, आणि त्यांच्या जागीं इंग्रजी उताऱ्यांचें पुस्तक आलें. दहाबारा ओळींचा उतारा, त्याखालीं पांच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढें एक रिकामी रेघ. आज कोणा टॉमच्या मांजराची हकीकत, उद्यां बाजारांतील फेरी, परवां लंडनची मोठी आग. आई घड्याळ लावून बसते, मूल पांच रेघा भरतें, पांचांपैकीं पांच गुण पडतात, आणि आतां मुलास इंग्रजी समजूं लागलें या समाधानांत सारें घर झोंपीं जातें. या समाधानावरच आम्हांस आज आक्षेप घ्यावयाचा आहे. हे पांच गुण बहुतांशीं शोधाशोधीचे आहेत, समजुतीशीं त्यांचा संबंध फार थोडा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून वाचकांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पुढील मजकूर वाचा: "टिंबुकानें काल गडफ्याच्या काठीं तीन मुरपे झिंबकले. मुरपे फार ढुसळ होते, म्हणून टिंबुक रातोरात फुंबरला." यांतील एकाही मुख्य शब्दास अर्थ नाहीं, ते सारे आम्हीं या लेखापुरते बनविले आहेत. तरी आतां प्रश्न विचारूं. टिंबुकानें किती मुरपे झिंबकले? तीन. कोठें झिंबकले? गडफ्याच्या काठीं. टिंबुक रातोरात कां फुंबरला? कारण मुरपे फार ढुसळ होते. पैकींच्या पैकीं गुण! वाक्याची ठेवण आणि विभक्तीचे प्रत्यय यांच्या ओळखीवर एवढा विजय मिळाला. मुरपा हा प्राणी कीं भाजी, हें विचारण्याची गरजही पडली नाहीं. बाजारांतील बहुतेक उताऱ्यांखालचे प्रश्न याच घडणीचे असतात. प्रश्नांतला शब्द उचलावा, तो उताऱ्यांत हुडकावा, आणि त्याच्या शेजारचें वाक्य आणून रेघेवर ठेवावें. कित्येक शिकवण्यांतून तर ही युक्ति उघडपणें शिकविली जाते: आधीं प्रश्न वाचा, उतारा मागाहून, आणि तोही लागेल तेवढाच! वाचनाच्या नांवाखालीं वाचन टाळण्याची अशी पद्धतशीर तालीम दुसरी नसेल.

आमच्याकडे अर्थावांचून पाठ म्हणणाऱ्याची थट्टा फार जुनी आहे. यास्काच्या निरुक्तांत अर्थ न जाणतां वेद म्हणणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा आलेली आहे. परंतु त्या बिचाऱ्या खांबाच्या डोक्यावर वेद तरी होता. आमचीं मुलें टॉमचें मांजर वाहतात!

हा दोष आमच्यापुरताच आहे असें नाहीं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें उतारा वाचतांना मुलें कोणत्या चुका करितात याचें परीक्षण १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील एका उताऱ्याचा आशय असा होता कीं, फ्रँकलिन गांवीं सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास रोज शाळेंत हजर राहणें सक्तीचें आहे. मात्र मूल स्वतः फार आजारी असेल, घरांत कोणास स्पर्शजन्य रोग झाला असेल, किंवा रस्ते बंद असतील, तर सूट आहे. या उताऱ्याचा विषय काय, असें विचारतांच कांहीं मुलांनीं नुसतें 'फ्रँकलिन' एवढेंच लिहिलें. कांहींस त्या नांवाच्या थोर संशोधकाची आठवण झाली, आणि त्यांनीं त्या संशोधकाविषयींच उत्तर दिलें. डोळ्यांत भरलेला एक शब्द साऱ्या परिच्छेदावर स्वार झाला. थॉर्नडाइकनें यावरून काढलेला निष्कर्ष आजही शिकवणाऱ्यानें भिंतीवर लावावा असा आहे: परिच्छेद वाचणें म्हणजे विचार करणें, प्रत्येक शब्दास त्याच्या योग्यतेप्रमाणें वजन देणें आणि त्यांचे परस्परसंबंध लावणें. या उताऱ्याची सारी मेख 'अन्लेस' या एका शब्दांत आहे. ज्यास तो शब्द समजला त्यास नियम समजला, आणि अपवादही समजला. ज्यास समजला नाहीं त्यास गांवाचें नांव तेवढें मिळालें.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. आकलन हें केवळ भाषेवर अवलंबून नसतें. तें विषयाच्या माहितीवर उभें असतें. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९८८ सालीं चौसष्ट विद्यार्थ्यांस बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन वाचावयास दिलें, आणि तो प्रसंग लाकडी बाहुल्यांनीं मांडून व तोंडानें सांगून दाखविण्यास सांगितलें. परीक्षेंत वाचनांत कच्चे ठरलेले, पण खेळाचे जाणकार असे विद्यार्थी हे, वाचनांत पक्के पण खेळाविषयीं अजाण अशा विद्यार्थ्यांहून सरस ठरले. आमच्याकडे बेसबॉलऐवजीं क्रिकेट घातलें कीं याची सत्यता कोणासही पटेल. असें असतां आमचीं पुस्तकें काय करितात? सोमवारीं हिमाचा बाहुला, मंगळवारीं पिरॅमिड, बुधवारीं पेंग्विन! एका विषयाची चार वाक्यें मनांत रुजतात न रुजतात तोंच तो विषय संपतो. ज्ञानाचा थर सांचण्यापूर्वींच पान उलटतें. मग उरते ती रेघा भरण्याची सफाई.

लंडनच्या आगीचाच उतारा घ्या. १६६६ च्या सप्टेंबरांत पुडिंग लेन या गल्लींतील एका पाववाल्याच्या घरीं आग लागली, ती चार दिवस धुमसत राहिली, आणि तेरा हजारांहून अधिक घरें तिनें खाल्लीं. याखालीं प्रश्न येतात ते असे: आग कोणत्या सालीं लागली? कोणत्या गल्लींत लागली? किती दिवस चालली? आतां खरा प्रश्न पाहा: आग पुढें सरकत असतां लोकांनीं चांगलीं उभीं घरें स्वतःच्या हातांनीं कां पाडलीं? याचें उत्तर एका वाक्यांत सांपडत नाहीं. लांकडी घरें एकमेकांस चिकटून होतीं, वारा जोराचा होता, आणि मध्यें मोकळी जागा पडली तरच ज्वाळांस खाद्य मिळणार नव्हतें, या तीन गोष्टी जुळविल्या कीं उत्तर निघतें. पुण्याच्या जुन्या पेठेंतील वाडे ज्यानें पाहिले आहेत, आणि १८२८ सालीं शनिवारवाडा आगींत कसा गेला हें ज्यानें ऐकलें आहे, त्या मुलास हें जुळविणें मुळींच अवघड नाहीं. पण त्याच्या या माहितीस हांक मारण्याची कोणास इच्छाच नसते. त्याच्याकडून हवें असतें सालाचें आंकडे.

परिणाम काय होतो तो आंकड्यांवरून पाहावा. 'असर' या पाहणीनें २०२३ सालीं देशांतील अठ्ठावीस जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत चौदा ते अठरा वर्षांच्या चौतीस हजारांवर मुलामुलींस तपासलें. इंग्रजी वाक्यें वाचूं शकणारे शेंकडा ५७.३ निघाले, आणि ज्यांस वाक्यें वाचतां आलीं त्यांतील शेंकडा ७३.५ जणांसच त्यांचा अर्थ सांगतां आला. म्हणजे वाचणाऱ्या दर चार जणांत सुमारें एक जण अर्थावांचून वाचतो. हे आंकडे खेड्यांतले, आमच्या शहरी घरांशीं त्यांचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध एवढाच कीं त्या पाहणीनें वाचन आणि अर्थ यांचे दोन वेगळे प्रश्न विचारले. आमच्या घरांत दुसरा प्रश्न विचारलाच जात नाहीं. मग आमचा आंकडा कळणार कसा?

यावर तीन आक्षेप येतील. शिक्षक म्हणतील, साठ मुलांच्या वर्गांत मोकळीं उत्तरें तपासणें अशक्य आहे. हें बरेंचसें खरें आहे, आणि म्हणूनच हें काम घरीं झालें पाहिजे. घरीं साठ मुलें नसतात. पालक म्हणतील, परीक्षेंत तर असेच प्रश्न येतात. येतात खरे, पण ज्यास परिच्छेद समजला त्यास ते प्रश्न सोडविण्यास निराळी तालीम लागत नाहीं, आणि ज्यास नुसती तालीम मिळाली त्यास पुढें कॉलेजचें पहिलें जाड पुस्तक उघडतांच घाम फुटतो. तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे: मध्यें मराठी आणली कीं इंग्रजी बिघडतें, मुलानें विचारही इंग्रजींतच करावा! आम्ही विचारतों, ज्या भाषेचे पुरते पांचशें शब्द येत नाहींत त्या भाषेंत विचार करावा तरी कसा? तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांचें इंग्रजी बोलणें अडखळत असेल. पण अर्थ कळल्यावांचून वाक्य एका भाषेंतून दुसरींत नेतां येत नाहीं, ही शिस्त त्यांच्या हाडींमांसीं खिळली होती. बंगाल्यांत ढाक्यास काम करणाऱ्या मायकेल वेस्टनें १९२६ सालीं हिंदी विद्यार्थ्यास इंग्रजी वाचण्याची शक्ति सर्वांआधीं द्यावी असें प्रतिपादन केलें, आणि नवे शब्द मोजून मापून घातलेलीं वाचनपुस्तकें तयार केलीं. आम्हीं त्या विचारांतला आटोपशीर उतारा तेवढा घेतला, आणि मागचा हेतु टाकून दिला.

आम्ही इंग्रजीचे शत्रु नाहीं, आणि लहान उताऱ्याचेही नाहीं. दहा ओळींचा उतारा हें उत्तम साधन आहे. मूल थकत नाहीं, आणि प्रत्येक शब्दाजवळ थांबण्यास सवड मिळते. विषावर जसा उतारा असतो तसा या उताऱ्यावरही आहे, आणि त्यास एक पैसा खर्च नाहीं. उतारा मोठ्यानें वाचून घ्यावा. मग पुस्तक मिटावें, आणि "काय झालें तें मला सांग" एवढेंच मुलास मराठींत म्हणावें. जें त्यास सांगतां येत नाहीं तें त्यास समजलेलें नाहीं, मग रेघेवर कांहींही लिहिलेलें असो. त्यानंतर ज्याचें उत्तर उताऱ्यांत शब्दशः नाहीं असा एक तरी प्रश्न विचारावा. 'अन्लेस', 'ऑल्दो', 'अन्टिल' अशा सांधेजोड शब्दांवर बोट ठेवून, हा शब्द काढला तर काय बिघडेल, हें विचारावें. आणि पंधरा दिवस एकाच विषयाचे उतारे घ्यावे. आग म्हटली कीं आगच, आगगाडी म्हटली कीं आगगाडीच. शेवटीं तीच हकीकत मुलास आपल्या इंग्रजींत लिहूं द्यावी, मग त्यांत चुका होईनात का.

या गोष्टीस आम्ही एवढें महत्त्व देतों याचें कारण शाळेबाहेर आहे. हींच मुलें उद्यां विम्याच्या कागदावर, कर्जाच्या करारावर, इस्पितळांतील संमतिपत्रावर सही करणार आहेत. तेथें उताऱ्याखालीं प्रश्न छापलेले नसतात. रक्कम किती आणि मुदत कोणती हे ठळक आंकडे त्यांस चटकन सांपडतील, कारण हुडकण्यांत तीं तरबेज झालेलीं आहेत. परंतु बारीक टाइपांत दडलेला 'अन्लेस' त्यांस दिसणार नाहीं, आणि घर, पैसा किंवा प्राण यांपैकीं काय जावयाचें तें त्या एका शब्दानें जाईल. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आलें. म्हणजे हा प्रश्न आतां मूठभर घरांचा राहिलेला नाहीं. पुस्तकें छापणारे आपण होऊन सुधारतील ही आशा व्यर्थ आहे. जें खपतें तें ते छापतात. सुधारणा व्हावयाची ती विकत घेणाऱ्या आईबापांकडूनच. मुलानें एखादी रेघ कोरी ठेवून "हें मला कळलें नाहीं" असें म्हटलें, तर त्यास रागें भरूं नये. खऱ्या वाचनास तेथूनच आरंभ होतो.