रबरांतील रेणूचा माग

सायकलच्या जुन्या टायरवर पडलेल्या बारीक चिरा आमच्या वाचकांनीं पाहिल्याच असतील. हवेंतील ओझोन वायु ताणलेल्या रबराला अशा चिरा पाडीत असतो. त्यास अडविण्यासाठीं मोटारींच्या टायरांत ‘६-पीपीडी’ नांवाचें सेंद्रिय द्रव्य मिसळतात. तें ओझोनचा मारा स्वतःच्या अंगावर घेतें व रबर वांचवितें. पण मारा खाल्ल्यावर त्याचें स्वतःचें काय होतें?

अमेरिकेंत सिअ‍ॅटलच्या आसपास कोहो जातीचे सामन मासे अंडीं घालण्यास समुद्रांतून ओढ्यांत येतात. पाऊस पडून रस्त्यांवरील पाणी ओढ्यांत उतरलें, कीं माद्या अंडीं पोटांत घेऊनच कांहीं तासांत मरत. नवल हें, कीं चम नांवाचा त्यांचाच भाऊबंद तशाच पाण्यांत सुखरूप राही! पुढें टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्यानेंही कोहो मरतात असें दिसलें. चोराचें घर सांपडलें खरें; पण त्या घरांत दोन हजारांहून अधिक रसायनें नांदत होतीं.

वॉशिंग्टन विद्यापीठांतील झेन्यू तियान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चिकाटीचा मार्ग धरला. पाण्यांतील द्रव्यें वेगवेगळ्या वाट्यांत विभागावयाचीं, प्रत्येक वाटा माशांवर अजमावावयाचा, मारक तेवढा ठेवून पुन्हा त्याचे वाटे करावयाचे. अखेर जें उरलें, तें मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांत घातलें. हें यंत्र रेणूंना विद्युद्भार देऊन त्यांचें वस्तुमान इतकें सूक्ष्म तोलतें, कीं त्यावरून कोणते अणु किती, याचा हिशेब मांडतां येतो. हिशेब निघाला तो असा : कार्बन १८, हायड्रोजन २२, नायट्रोजन २, ऑक्सिजन २. टायरच्या घटकांत असें द्रव्यच नव्हतें! मात्र ६-पीपीडींत कार्बन १८ व नायट्रोजन २ च असतात. हायड्रोजन तेवढे २४, आणि ऑक्सिजन मुळींच नाहीं. मग त्यांनीं ६-पीपीडीवर ओझोन सोडून पाहिला, तों तेंच विष तयार झालें. कारखान्याची यादी वाचून तें कधींच सांपडलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

डिसेंबर २०२० मध्यें हा शोध ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. २०२२ मध्यें विषाची मात्रा पुन्हा मोजतां, एका लिटरांत मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्साही निम्मे कोहो मारण्यास पुरतो असें आढळलें. कॅलिफोर्निया राज्यानें ऑक्टोबर २०२३ पासून टायर-कारखानदारांस पर्यायी द्रव्याचा विचार करणें भाग पाडलें. काम सोपें नाहीं. ६-पीपीडी नुसतें काढून टाकलें, तर चिरा पडलेले टायर रस्त्यावर माणसांच्या जिवावर बेततील.