ईस्टर उशिरा यावा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचकाने हा अंक उघडावा आणि आम्ही त्याला नाताळाच्या गोष्टी सांगत बसावे, हे कुणाला अंमळ अवेळी वाटेल. पण गोष्ट बीड जिल्ह्यातली आहे, आणि तिथल्या कितीएक ख्रिस्ती घरांत नाताळाचा निरोप दसरा-दिवाळीलाच घ्यावा लागतो. शिवाय, ताटातल्या करंजीत जी साखर आहे तिचाही या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. तेव्हा वाचकांनी रागावू नये.

ख्रिस्ती मंडळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वांद्र्याची माउंट मेरी येते, वसईचे वाडे येतात, फार तर पुण्याच्या लष्करातली चर्चे येतात. बीड काही येत नाही. बीड म्हटले की परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि आद्यकवी मुकुंदराज. ते योग्यच आहे. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत ख्रिस्ती माणसे शोधू गेले तर शंभरात एक भरायची नाहीत. पण ती आहेत. एखाद्या गावाच्या कडेला पत्र्याचे छप्पर, वर लोखंडी क्रूस, दाराशी लहानशी घंटा आणि आत बाकांऐवजी सतरंजी. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पेटी, तबला आणि टाळ. डोळे मिटून ऐकले तर एखाद्याला भजनी मंडळच बसले आहे असे वाटावे.

ते तसे का वाटते, याला कारण आहे. शेजारच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली पडले. १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर त्या जिल्ह्यात खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि परदेशी चालीवर अडखळत गाणाऱ्या या मंडळींच्या तोंडी त्यांनी अभंग-ओवीची मराठी दिली, कीर्तन दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. दुसरीकडे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल नावाची वसाहत वसवली होती. म्हणजे निजामी अमलातल्या मराठवाड्यालाही हा धर्म काही नवा नव्हता. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि जुन्या मिशनांच्या पुष्कळ मंडळ्या तीत आल्या. कॅथलिकांचा औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली निराळा झाला. इतिहास इतका पुरे. आपल्याला इतिहास पाहायचा नसून वर्ष पाहायचे आहे.

चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, म्हणजे आगमनकाळापासून सुरू होते. मग नाताळ, मग राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, आणि मग पावसाळाभर साधे रविवार. शेकडो वर्षे चालत आलेले हे पंचांग.

पण बीडच्या या घरांत दुसरेही एक पंचांग चालते. ते साखर कारखान्याचे. बॉयलर पेटला, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की ते सुरू होते. आणि कारखान्याचा पट्टा पडला की संपते. बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन कोरडवाहू. पाऊस आला तर आला. १९७२च्या दुष्काळाने घाटाखालची वाट अधिकच रुळवली. आज या एका जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायचा. कोयत्याला जात-धर्म नसतो. त्यात ख्रिस्तीही आले.

आता ही दोन पंचांगे शेजारी-शेजारी टांगून पाहा. कारखाना चालतो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. चर्चचे सारे मोठे सण बरोबर तेवढ्याच दिवसांत. माणसे गावी असतात तेव्हा सण नसतात, आणि सण येतात तेव्हा माणसे नसतात!

अशा एका मंडळीच्या पाळकांशी बोलण्याचा योग आला होता. साठीचे गृहस्थ, सायकलवरून चार गावे सांभाळणारे. नाताळ कसा होतो, असे विचारले तर हसून म्हणाले, “होतो की. म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा होतो.” मग त्यांनी नाताळच्या नाटकाची अडचण सांगितली. शब्बाथशाळेची मुले दरवर्षी ख्रिस्तजन्माचा देखावा करतात. सप्टेंबरात पात्रे वाटून द्यावीत, तर ऑक्टोबरात योसेफ सांगलीला जातो आणि मरिया कोल्हापूरला. मागे दोनदा तीन मागी राजांपैकी एकच उरला, तेव्हा सोने, ऊद आणि गंधरस ही तिन्ही दाने त्या एकट्यानेच आणून वाहिली. अलीकडे सरकारची हंगामी वसतिगृहे झाल्यापासून पुष्कळ मुले मागे राहू शकतात. त्यामुळे नाटकाला पात्रे मिळतात. आता पाहायला आईबाप नसतात, एवढेच.

नाताळच्या आदल्या रात्री गाणी गात घरोघर फिरायची रीत आहे. इथे फिरताना निम्म्या दारांना कुलपे असतात. पाळकसाहेब म्हणाले, “आम्ही कुलपापुढेही एक कडवं म्हणतो. घर तर आहे ना त्यांचं!” फराळ आपलाच, करंज्या, शंकरपाळी, चकल्या, आजी करतात, आणि एक डबा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर फडावर पाठवतात.

फडावर २५ डिसेंबरची सुटी नसते. कारखाना रात्रंदिवस चालतो. ट्रॅक्टर पहाटे तीनला आला तर मोळ्या पहाटे तीनलाच भरायच्या. एखादी बाई खोपीच्या मेढीला कागदी चांदणी बांधते, संध्याकाळी दोन-चार घरची माणसे जमून प्रार्थना करतात, एवढाच नाताळ. आणि तरी, बारकाईने पाहिले तर ख्रिस्तजन्माची मूळ गोष्ट या खोपीइतकी दुसरीकडे कुठे शोभावी? सरकारी हुकमाने परगावी निघालेले एक गरीब जोडपे, बाई पोटुशी, मुक्कामाला जागा नाही, आणि बाळ जन्मले ते गुरांच्या गव्हाणीत. आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची वही काढून पुढे ठेवली.

वहीत रकाने असतात: नाव, आईबापांची नावे, जन्मतारीख, जन्मस्थळ, बाप्तिस्म्याची तारीख. पाने उलटता उलटता ध्यानात आले की कितीतरी जन्मतारखा डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीतल्या आहेत आणि बाप्तिस्मे मे-जूनमधले. जन्मस्थळाच्या रकान्यात गाव क्वचितच. कुठे तालुक्याचे नाव, कुठे कारखान्याचे, आणि काही ठिकाणी नुसते ‘तोडीवर’. बाईचे दिवस भरत आले तरी कोयता अर्धा करून चालत नाही, कारण उचल दोघांच्या नावावर असते. त्या एका शब्दाच्या मागे काय काय असेल, हे वाचकांतल्या बायकांना आम्ही सांगायला नको.

नाताळाची तारीख ठरलेली. तिच्यापुढे कुणाचे चालत नाही. पण ईस्टरचे तसे नाही. आणि इथेच या मंडळीच्या वर्षाची सारी गंमत आहे. ईस्टर आपल्या सणांसारखा चंद्रावर चालतो. २१ मार्च किंवा त्यापुढची पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा, असा चर्चचा ठोकताळा. त्यामुळे हा सण २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठेही येऊ शकतो. होळीनंतरच्या आठवड्यात येतो, नाहीतर हनुमान जयंतीच्या मागोमाग. मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती घरात याने एवढेच बदलते की मुलांची परीक्षा आधी की सण आधी. बीडच्या मंडळीत मात्र सतरंजी भरणार की नाही, हे त्या पौर्णिमेवर ठरते. ईस्टर लवकर आला तर माणसे फडावर. उशिरा आला तर माणसे घरी. नव्या वर्षाची दिनदर्शिका हाती आली की ईस्टरची तारीख सगळ्यांत आधी पाहणारे लोक महाराष्ट्रात दुसरीकडे आम्हांला भेटले नाहीत.

अर्थात चंद्राने साथ दिली तरी कारखान्याने द्यावी लागते. २०२२ साली ईस्टर चांगला १७ एप्रिलला आला; पण त्या हंगामात ऊस इतका अमाप झाला की राज्यातली धुराडी जूनपर्यंत चालली. सण आला आणि गेला. २०२० साली ईस्टर १२ एप्रिलला होता. देशभर टाळेबंदी, देवळे बंद, आणि तोडीवरची माणसे कारखान्यांच्या आवारात अडकलेली. त्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय झाला तो सण उलटल्यावर. पाळकसाहेबांनी ती उपासना बायको आणि शेजारची एक म्हातारी, अशा दोघींपुढे केली. २०२५ साली मात्र ऊस कमी; बहुतेक कारखान्यांचे पट्टे मार्चअखेरच पडले, आणि ईस्टर होता २० एप्रिलला. पहाटे अंधारात कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गाव लोटला होता. “सतरंजी पुरली नाही,” हे वाक्य पाळकसाहेबांनी आम्हांला तीनदा सांगितले. पण दर वेळी सांगून झाल्यावर ते गप्प होत. आम्ही कारण विचारले. म्हणाले, “ऊस कमी म्हणजे तोड कमी. तोड कमी म्हणजे उचल फिटली नाही. सण गोड झाला, पण पुष्कळांच्या डोक्यावर बाकी राहिली. आता मी प्रार्थना कशाची करू? हंगाम लवकर संपावा म्हणून की लांबावा म्हणून?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मग मे महिना. लग्ने, बाप्तिस्मे, प्रभुभोजन, सगळे त्या चार आठवड्यांत कोंबलेले. जूनमध्ये पेरणी आणि पावसासाठी प्रार्थना. सप्टेंबरात कॅथलिक घरे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघतात. श्रीरामपूर तालुक्यातली ही यात्रा १९४९ सालापासून भरते, मरियेच्या जन्मदिवसाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास. योगायोग असा की हरेगाव हे जुन्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे गाव. साखरेने या लोकांची पाठ यात्रेतही सोडलेली नाही! पण सण ऐन पावसाळ्यातला, म्हणून त्याला सगळ्यांना जाता येते.

त्यानंतर येतो पिकाच्या उपकारस्तुतीचा रविवार. कुणी बाजरी आणतो, कुणी मूग, कुणी कोंबडी, कुणी चार अंडी. वेदीपुढे सारे मांडायचे, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. दहा रुपयांची काकडी शंभराला जाते, घेणारा ती परत देतो, आणि ती पुन्हा लिलावात उभी राहते. हशा-टाळ्यांनी छप्पर दणाणते. पाळकसाहेबांच्या मते या मंडळीचा खरा नाताळ तो हाच. फक्त या सुमारास अंगणाबाहेर मुकादमाची मोटार उभी असते, आणि लिलावात बोली लावणाऱ्यांपैकी काहींच्या खिशात त्याचेच पैसे असतात.

२ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. पण तोवर थांबायला सवड कुणाला? म्हणून जाणारी माणसे आधीच कबरस्तानात जाऊन येतात, गवत उपटतात, दगडाला चुना लावतात, आणि मेणबत्त्या म्हातारीपाशी देऊन ठेवतात, “त्या दिवशी लाव बाई,” म्हणून. मग ट्रक येतो. भांडी, पेटारा, शेळी, तान्हे मूल, कोयता. पाळकसाहेब टपावर हात ठेवून प्रार्थना करतात. ड्रायव्हर हिंदू असो की मुसलमान, तोही तेवढा वेळ इंजिन बंद ठेवतो.

निघताना आम्ही त्यांच्या भिंतीवर पाहिले. २०२७ सालचा ईस्टर २८ मार्चला येतो. त्यापुढे त्यांनी शिसपेन्सिलीने फुली मारली होती. २०२८ सालचा १६ एप्रिलला. त्यापुढे एक छोटी चांदणी काढली होती, आणि चांदणीपुढे प्रश्नचिन्ह.

दिवाळीच्या या दिवसांत प्रवासात कुठे तसा भरलेला ट्रक दिसला, तर वाचकांनी जरा गाडी हळू घ्यावी. त्यातल्या एखाद्या डब्यात नाताळाचा फराळही असेल.